ठकूबाईच्या गोळ्या

सिस्टरच्या नोकरीतले अनुभव लिहा, असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बाळंतपणं असणार. बैलगाडीत झालेली, उसाच्या फडात झालेली, घरच्यांनी एकाची तयारी ठेवली आणि दोघं आली अशी. माझ्याकडे ती पुष्कळ आहेत आणि पाहुणे जमले की मी ती रंगवून सांगतेही. पण कागद पुढे घेतला की त्यातलं एकही सुचत नाही. आठवते ती ठकूबाई. तिच्याबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. घरातही नाही.

मी मूळची नगरची. आमच्या ख्रिस्ती वस्तीत त्या काळी घरटी एक मुलगी मास्तरीण नाहीतर नर्स. थोरली बहीण शाळेत गेली, मी दवाखान्यात. मिशनच्या इस्पितळात शिकले आणि पुढे सरकारी नोकरी धरली. सत्तरच्या सुमारास माझी बदली सोनईच्या पलीकडच्या एका गावी झाली. दवाखाना म्हणजे तीन खोल्या, चार खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर, मी आणि रॉकेलवर चालणारा एक फ्रीज. त्या फ्रीजनं बंद पडून जितक्या रजा घेतल्या तितक्या आम्हा तिघांच्या मिळूनही भरल्या नसतील.

आता बोटाला टोचलं की थेंबभर रक्तात साखर किती ते कळतं. तेव्हा खेड्यात ती सोय नव्हती. आम्ही लघवी तपासायचो. टेस्ट ट्यूबमध्ये निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत जाऊन विटेसारखं लाल झालं की पेशंटला आत बोलवायचं. गावातले एक किराणा दुकानदार दर महिन्याला बाटली पाठवायचे आणि रंग निळाच्या निळा. पेढे खाऊनही निळा. मी त्यांचं कौतुक करायची. एकदा बाटलीतला रंग एकदम लाल झाला आणि मी त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा ते घाबरून म्हणाले, "बाई, ती माझी न्हाई. आमच्या गड्याची हाय." वर्षभर गड्याचीच येत होती. शेटजींना पथ्य लागलं आणि गड्याला, कधी न मागितलेला, साखरेचा आजार सापडला. हे दोघंही पुढे चांगले जगले.

ठकूबाई पन्नाशीची. अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. नवरा भिकाजी, पोटापुरती कोरडवाहू जमीन. एकुलती एक मुलगी कावीळ होऊन गेली, तिची दोन लेकरं यांच्याकडेच होती. ठकूबाई पहिल्यांदा आली ती पायाची जखम घेऊन. दोन महिने भरत नव्हती. ट्यूब लालभडक झाली. डॉक्टरांनी तिला गोळी सुरू केली. दिवसाला एकच, सकाळी न्याहारीबरोबर. जखम भरली, रंग उतरला. मग तीन-चार महिन्यांनी पुन्हा चढला.

"ठकूबाई, गोळी घेता ना रोज?" मी विचारलं.

"घेते की. उपासाला तेवढी न्हाई घेत."

"का?"

"उपासाला औषध कसं चालंल, बाई?"

"आणि उपास कधी असतो?"

तिनं बोटांवर मोजले. सोमवार, मंगळवार, चतुर्थी, दोन एकादशा. आठवड्यातले दोन-तीन दिवस गोळीला सुट्टी होती.

"उपासाला खाता काय?"

"काय खानार. साबुदाना, भगर, रताळं. उलीसा शेंगदान्याचा लाडू."

तो उपास माझ्या दोन दिवसांच्या जेवणाएवढा होता. मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, "हे बघा ठकूबाई, उपास करा नाहीतर जेवा, ते तुमचं तुम्ही आणि देव बघा. गोळी मात्र एक दिवस चुकवायची नाही. पोटात काही असो-नसो, गोळी घ्यायची. शपथ आहे तुम्हाला."

"कुनाची शपथ? तुमच्या येशूची का आमच्या देवीची?"

"दोघांची."

ती खदखदून हसली. पण तेव्हापासून तिनं एक दिवस चुकवला नाही. दर महिन्याला ट्यूब निळी. मी तिला बाकीच्या पेशंटपुढे उभी करायची आणि म्हणायची, ह्या बाईकडून शिका. मला तिचा अभिमान वाटायचा. खरं सांगायचं तर स्वतःचाच वाटायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी दवाखान्याच्या दारातून दिसलं तेवढंच सांगते. विहिरी उन्हाळ्याआधीच आटल्या. जनावरं छावणीत गेली. जमीनवाले, बिनजमीनवाले सगळे एकाच रांगेत खडी फोडायला बसले. रेशनवर मिळायची ती तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना फुटायची. आमच्याकडे येणाऱ्यांची हाडं वर यायला लागली. इंजेक्शन देताना दंडावर मांस सापडेना. ठकूबाईही वाळली. पोलक्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. मी ते पाहिलं होतं. पाहून मी तिला म्हटलं होतं, "वजन उतरलं, साखरेला चांगलंच झालं." हेही मी म्हटलेलं आहे.

त्यानंतरच्या चैत्रातली गोष्ट. दुपारची वेळ. डॉक्टर दुष्काळी कामांवर कॉलऱ्याची लस टोचायला गेले होते, कंपाउंडर औषधं आणायला नगरला. दवाखान्यात कामाला मी एकटी. दारात बैलगाडी थांबली आणि भिकाजीमामांनी हाक मारली.

गाडीत ठकूबाई आडवी होती. डोळे अर्धे उघडे, नजर कुठेच नाही. ऊन रणरणत होतं आणि तिचं अंग गार, घामानं लुगडं भिजलेलं. मामा एका हातानं तिचं डोकं उचलून दुसऱ्या हातानं तांब्यातलं गुळाचं पाणी तिच्या तोंडात ओतत होते. ते ओघळून गळ्यावर येत होतं आणि घशात घरघर वाजत होती.

"ओतू नका मामा," मी तांब्या काढून घेतला. शुद्धीत नसलेल्या माणसाला गिळता येत नाही, पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. मी तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. "काय झालं?"

"खडी फोडताना येड्यावानी बोलाय लागली, सिस्टरबाई. मुकादमाला शिव्या दिल्या. कधी न्हाई त्या बाईनं. लोकं म्हनले अंगात आलं. मंग बसली ती बसलीच."

"सकाळी काय खाल्लं होतं?"

 मामा खाली बघून म्हणाले, "अर्धी भाकर व्हती. ती तिनं पोरांस्नी दिली."

"आणि गोळी?"

"गोळी घेतली की. ती कुठं चुकवतीय."

मला कळलं. शरीर साखरेवर चालतं, मेंदू तर साखरेशिवाय घटकाभरही चालत नाही. साखर उतरली की माणूस आधी थरथरतो, घाम फुटतो, मग चिडतो, बरळतो, आणि मग असा पडतो. वाढलेल्या साखरेनं माणूस घटकेत मरत नाही, उतरलेल्या साखरेनं मरू शकतो. म्हणून डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं, साखरेचा पेशंट गार पडून बेशुद्ध आला तर माझी वाट बघू नका, शिरेतून ग्लुकोज द्या.

मोठी सिरिंज सकाळीच उकळून ठेवलेली होती. ग्लुकोजच्या अँप्युल फोडल्या. मामांना तिचा हात धरायला सांगितला, रबरी नळी बांधली. शीर सापडेना. हे औषध दाट असतं, शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं, त्यामुळे अंदाजानं टोचून चालत नाही. डाव्या हातावर दोनदा चुकले, उजव्यावर मनगटाच्या वर एक शीर बोटाला लागली. सुईत रक्त आलं. मी अगदी सावकाश दट्ट्या दाबत गेले. मामा माझ्याकडे बघत होते आणि मी घड्याळाकडे.

दुसरी सिरिंज संपत आली तेव्हा ठकूबाईनं मान हलवली. डोळे मिटले, उघडले, आणि माझ्यावर येऊन थांबले.

"बाई," ती म्हणाली, "माजी पाटी कुठं हाय?"

साखर उतरलेला माणूस असा परत येतो. नोकरीत मी पुष्कळ औषधं दिली, पण इतक्या डोळ्यांदेखत काम करणारं दुसरं पाहिलं नाही. ती उठून बसली. मामांनी तिला मुकादमाला दिलेल्या शिव्या सांगितल्या तेव्हा तिनं पदरानं तोंड झाकलं. "आगं बाई, मी असं बोलले?" मामा हसले. मीही हसले. मी साखर घालून चहा केला, माझा डबा तिच्यापुढे ठेवला. दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी होती. एक पोळी तिनं खाल्ली. दुसरी गुपचूप पदरात बांधायला लागली तेव्हा मी म्हटलं, "इथंच खा." तिनं अर्धी खाल्ली. उरलेली तशीच बांधली.

डॉक्टर संध्याकाळी येणार होते. तोवर थांबा, असं मी म्हटलं.

"लेकरं शेजारनीकडं हायेत, बाई. अन् उद्या हजेरीला न्हाई गेलं तर नाव कापत्यात."

"डॉक्टरांनी बघितलं असतं म्हणजे बरं."

"आता काय बघायचंय? मी ठनठनीत हाय. बघा की."

ती खरंच ठणठणीत दिसत होती. चारातल्या दोन खाटांवर जुलाबाचे पेशंट होते. मी तिची नाडी पाहिली, चांगली होती. मी म्हणाले, "बरं. पण घरी जाऊन पोटभर खा."

हे मी कुणाला सांगत होते? जी बाई अर्धी पोळी पदरात बांधून नेत होती तिला. घरात पीठ आहे का, एवढं विचारायला माझं काही जात नव्हतं. पण विचारलं नाही.

गाडीत चढताना ती वळली. "बाई, गोळीचं काय करू?"

गोळी डॉक्टरांची. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध नर्सनं बंद करायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोटून शिकवलेलं. मी म्हणाले, "गोळीचं डॉक्टर सांगतील. परवा येऊन भेटा त्यांना."

संध्याकाळी डॉक्टर आले ते तापानं फणफणून. मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ठकूबाईचा शेजारी दवाखान्यात आला. पहाटे ती हाक मारूनही उठली नाही. घोरतेय असं मामांना वाटलं होतं. मग घोरणं थांबलं.

डॉक्टर तशा तापात माझ्याबरोबर आले; जाताना मी त्यांना कालचं सगळं सांगितलं. ठकूबाई भिंतीशी निजवलेली होती. दोन्ही नातवंडं तिच्या पायाशी बसली होती. डॉक्टरांनी तिची पापणी वर करून पाहिली आणि मला हळूच एवढंच विचारलं, "ती रोजची गोळीच चालू होती ना?" मी हो म्हटलं. परत येताना वाटेत ते बाभळीच्या सावलीला थांबले.

"सिस्टर, काल किती वाजता दिलंत ग्लुकोज?"

"एकच्या सुमाराला. शुद्धीवर आली होती, डॉक्टर. बोलली, चहा प्यायली. चालत गाडीत चढली."

"येणारच शुद्धीवर. आपण दिलेली साखर तासा-दोन तासांत जळून जाते. ही गोळी दीड-दोन दिवस अंगात काम करत राहते. पोटात अन्न आहे की नाही हे गोळीला कळत नाही, ती साखर उतरवतच राहते. असा पेशंट दोन-तीन दिवस ठेवून घ्यायचा असतो. सलाईनमधून साखर चालू ठेवायची, शुद्धीत आल्यावर थोड्या थोड्या वेळानं खायला घालायचं, आणि गोळी बंद."

"मला माहीत नव्हतं."

"मी तुम्हाला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. मग खोडाला टेकत म्हणाले, "आणि लोकांची हाडं दिसायला लागली तेव्हा मी गोळ्याही कमी केल्या नाहीत. मीच लिहून दिलेल्या."

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अर्धी चूक स्वतःकडे घेतली, आणि माझी अर्धी माझ्याकडे तशीच राहिली.

दवाखान्यात परतल्यावर आम्ही केसपेपर काढले. गोळीवर असलेले नऊ पेशंट निघाले. डॉक्टरांनी कुणाची गोळी निम्मी केली, कुणाची बंद केली, दोघांना अंमल लवकर उतरणारी दुसरी गोळी दिली. निरोप पोचवायचं काम मी मागून घेतलं. खडीची कामं, पाझर तलाव, जनावरांची छावणी, जिथे माणूस असेल तिथे चालत गेले. प्रत्येकाला कागदात बांधून साखर दिली आणि सांगितलं, ही कमरेला ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, विनाकारण राग यायला लागला की लगेच तोंडात टाका आणि दवाखान्यात या. ज्या दिवशी चूल पेटणार नाही त्या दिवशी गोळी नाही. घरच्यांना सांगितलं, माणूस बेशुद्ध पडला तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका, कुशीवर वळवा आणि गाडी जोडा. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई, मागल्या साली तर तुमीच म्हनत हुता, गोळी चुकवू नका." मी म्हटलं, "तेव्हा म्हणत होते. आता हे ऐका."

त्याच म्हाताऱ्याला पंधरा दिवसांनी बेशुद्ध आणलं. नाव सावळेराम. गोळी निम्मी करूनही पोटात काहीच नसल्यानं साखर उतरली होती. ग्लुकोज दिलं, शुद्धीवर आला, आणि तासाभरात घरी निघाला. मी दारात खुर्ची टाकून बसले.

"मी काय कैदी हाय का?" तो ओरडला.

"हो. तीन दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलता बोलता त्याची जीभ जड झाली आणि डोळे फिरले. डॉक्टर आणि मी जवळच होतो, सिरिंज तयार होती. चौथ्या दिवशी तो मला शिव्या देत चालत घरी गेला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हा तुमचा पेशंट." मला आनंद व्हायला हवा होता. मी आतल्या खोलीत जाऊन सिरिंज उकळत ठेवली आणि पाण्याला उकळी येईपर्यंत तिथेच उभी राहिले.

त्यानंतर महिन्याभरानं भिकाजीमामा आले. दाढी वाढलेली, पागोटं हातात. बाकावर बसले आणि कोपरीच्या खिशातून गोळ्यांची बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"ह्या उरल्यात, सिस्टरबाई. कुना गरजूला द्या. वाया कशाला घालवायच्या."

मी बाटली घेतली. पोरं कशी आहेत ते विचारलं. धाकटी आजीला शोधते, म्हणाले. 

"लई मानायची तुमाला," मामा म्हणाले. "शेवटच्या दिवसापत्तुर गोळी चुकवली न्हाई. त्या दिशी सांजंला तर येक जास्तीची घेतली."

"जास्तीची?"

"व्हय. म्हनली, बाईंनी सुईतून साखर घातलीय, वर गोड चहा पाजलाय. परवा तपासनीत रंग चढला तर बाई रागावतील. म्हून घेतली." त्यांनी पागोटं एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवलं. "मला इचारलं तिनं, घेऊ का. मी म्हनलं, घे."

मी हातातली बाटली टेबलावर ठेवली.

"मी म्हनलं, घे," ते पुन्हा म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "बरुबर व्हतं ना, सिस्टरबाई? लोकं कायबाय म्हनत्यात. म्हून आलो इचारायला."

गोळ्या परत करणं हे निमित्त होतं. माणूस पाच मैल चालत आला होता तो एवढं विचारायला.

पेशंटच्या माणसाशी खोटं बोलायचं नाही, हेही आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. खरं होतं ते दोन वाक्यांचं: गोळी थांबवा असं मी तिला सांगितलं नाही, आणि तुम्ही घे म्हणालात ती गोळी घ्यायला नको होती. पण त्यातलं पहिलं वाक्य माझं होतं, आणि ते सांगितल्यावर दुसरं त्या माणसाला दोन लेकरं वाढवत जन्मभर वागवावं लागलं असतं.

"बरोबर होतं, मामा," मी म्हणाले. "तुमची काही चूक नाही."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले. माठातलं पाणी प्यायले, पागोटं डोक्याला गुंडाळलं आणि निघाले. मी दारापर्यंत गेले. रस्त्याला लागल्यावर त्यांची चाल जरा मोकळी वाटली, की मला तसं वाटायला हवं होतं, कोण जाणे. मी त्यांना वाचवण्यासाठी खोटं बोलले की स्वतःला, याचा निकाल माझ्याच्यानं अजून लागलेला नाही.

पुढे नगरला मी बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. साखर उतरलेला पेशंट शुद्धीवर आला म्हणजे बरा झाला असं नाही, तो गोळीवर असेल तर त्याला सोडू नका, आणि गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून, त्याला स्पष्ट शब्दांत सांगूनच घरी पाठवा. हे मी प्रत्येक वर्षी पाठ करून घेतलं. मुली म्हणायच्या, सिस्टर ह्या एका धड्यावर फार अडून बसतात.

भिकाजीमामा वारल्याचं मला काही वर्षांपूर्वी सोनईच्या एका पेशंटकडून कळलं. नातवंडं शिकली, मोठी झाली, कुठेतरी बाहेर नोकरीला आहेत. हे त्यांच्या वाचनात येईल की नाही ठाऊक नाही. मामांच्या आता येणार नाही, म्हणून लिहिलं.